गोड मालकांचे, कडू मिस्त्रींचे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझी टाकी कधीकाळी लालभडक होती असे जुनी माणसे सांगतात. आता तिला कोणता रंग म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. सध्या मी एका लहानशा अंगणात, पाण्याच्या पिंपाशेजारी, मधल्या स्टँडवर उभी आहे. समोर घराची पायरी आहे आणि घरात अजून जाग आलेली नाही. तेवढ्यात मला माझी हकीकत सांगून टाकायची आहे. गाड्यांना बोलता येत नाही असे मोठी माणसे म्हणतात. त्यांचे खरे आहे. पण आम्हाला ऐकू सगळे येते, आणि ऐकलेले पोटात राहते.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी एकाच रांगेत तयार झाल्या. ज्या माणसाने माझ्या टाकीला रंग दिला त्याला त्या क्षणी जेवणाची सुट्टी आठवली असावी, कारण टाकीच्या खालच्या कडेला रंगाचा एक ओघळ तसाच वाळून राहिला. बोटाच्या पेराएवढा असेल. तेवढ्याने माझे नशीब ठरले.

ट्रकमधून उतरवून आम्हाला ज्या दुकानात आणले, तिथेच माझे सगळे आयुष्य गेले. पुढे काचेची दर्शनी खोली, तिथे नव्या गाड्या. मागे कारखाना, म्हणजे दुरुस्तीची जागा. तिथे सिमेंटचा एक रुंद ओटा होता आणि त्यावर गाडी चढवून काम चालायचे. पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मध्ये कमरेएवढे अर्धे दार होते. त्या दाराच्या पुढे मालकांचे राज्य, मागे मिस्त्रींचे. दोघेही तेव्हा तरुण होते. मालकांचे केस काळेभोर, आणि मिस्त्रींना तर मिसरूड नुकतेच फुटलेले.

गिऱ्हाइके येत, माझ्याभोवती फिरत, सीट दाबून बघत. सगळे पसंत पडे. मग कोणीतरी खाली वाकून बघे, ओघळ दिसे, आणि "दुसरी दाखवा" म्हणून मोकळे होई. माझ्यामागून आलेल्या बहिणी माझ्यासमोरून वाजतगाजत गेल्या आणि मी आपली काचेशी उभी. शेवटी एक दिवस मिस्त्री अर्ध्या दारावर कोपर टेकून म्हणाले, "मालक, हिचं काही जमत नाही. हिला आता घरातच ठेवा, मावशी म्हणून."

मालक हसले, पण त्यांना ते पटले. त्या दिवसापासून मी सगळ्यांची मावशी झाले.

मावशीचे काम काय, तर शिकवणे. ज्याने जन्मात गाडी चालवलेली नाही असा माणूस गाडी घ्यायला आला, की मालक त्याला नव्या गाडीची किल्ली देत नसत. "आधी मावशीवर," असे म्हणत. दुकानामागे एक मोकळे मैदान होते. तिथे इंजिन बंद न पाडता एक पुरी फेरी मारायची, मग किल्ली. हा नियम कंपनीचा नव्हता, मालकांचा होता. गावातल्या निम्म्या लोकांनी पहिला गिअर माझ्यावर टाकला आणि त्यातल्या निम्म्यांनी तो चुकीचा टाकला. एक मास्तर क्लच सोडताना डोळे मिटून घ्यायचे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पहिल्याच झटक्यात अशी काही गाडी पळवली की फेऱ्यांवर फेऱ्या मारत सुटल्या. मिस्त्री मैदानाच्या कडेला उभे राहून शाबास, शाबास म्हणत होते. मग लक्षात आले की बाई रडकुंडीला आल्या आहेत. "अहो, थांबवायची कशी ते सांगितलंच नाही तुम्ही!" मिस्त्रींना माझ्यामागे धावावे लागले. त्या बाईंनी पुढे दोन गाड्या त्याच दुकानातून घेतल्या.

मी किती वेळा आडवी पडले याची गणती नाही. पडले की मिस्त्री उचलत, वाकलेली फूटरेस्ट सरळ करत, आणि पडणाऱ्याला म्हणत, "लागलं नाही ना? मावशीची काळजी करू नका. मावशी सगळ्यांचं सोसते." कोणाची गाडी दुरुस्तीत अडकली तर तेवढ्या दिवसांपुरती मी त्याच्याकडे जाई. नवी गाडी बिघडून परत आलेल्यांना मिस्त्री मुद्दाम सुनावत, "माय मरो पण मावशी जगो, ते उगीच नाही म्हणत." मला तेव्हा माझ्या ओघळाचा अभिमान वाटे. तो नसता तर मी एकाच कोणाची तरी झाले असते.

आता दुकानाची एक रीत सांगते, कारण सगळे त्या रीतीपाशीच येऊन अडले.

मालकांच्या तोंडात साखर होती. कोणाला "नाही" म्हणणे त्यांच्या जिवावर यायचे. गाडी आली, गाडी तयार झाली, रंग तुम्हाला हवा तोच मिळाला, अशा बातम्या ते स्वतः सांगत, दोन्ही हात पुढे करून. पण बातमी वाईट असली की ते गिऱ्हाइकाला बाकावर बसवत, अर्ध्या दारापाशी येत आणि मान आत घालून म्हणत, "मिस्त्री, जरा बाहेर ये." मिस्त्री हात पुसत बाहेर येत, गिऱ्हाइकासमोर उभे राहत आणि एका दमात सांगून टाकत. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. ते सांगून झाले की मालक चहा घेऊन हजर. असे वर्षानुवर्षे चालले. दुकानातले लोक गमतीने म्हणत, गोड मालकांचे, कडू मिस्त्रींचे.

एक पाववाला होता. पावाच्या पाट्या लादून लादून त्याने गाडीचा पार भुगा केला होता, आणि तरी तो विचारायचा, "आणखी दहा वर्षं जाईल ना?" मालक म्हणाले, "का नाही, का नाही," आणि लगेच अर्ध्या दाराकडे वळले. मिस्त्री आले आणि म्हणाले, "दहा दिवस जाणार नाही. इंजिनात आता फक्त आवाज शिल्लक आहे." पाववाला चिडला, मग हसला, मग चहा प्याला. पण नेहमीच असे हसण्यावारी जात नसे. एकदा एक आई आपल्या मुलाची गाडी टेम्पोत घालून घेऊन आली. मुलगा त्या गाडीवरून पडला होता आणि परत घरी आलाच नव्हता. तिला गाडी दुरुस्त करून हवी होती. कशासाठी, ते तिलाही सांगता येत नव्हते. मालक काचेकडे तोंड करून उभे राहिले. मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, ही आता चालणार नाही. चेसिस वाकलीय, गाडीचा सांगाडाच. मी बाहेरून नीट करून देईन, पण कुणाला चालवायला देऊ नका आणि विकू नका." ती बाई कितीतरी वेळ बाकावर बसून होती. त्या दिवशी मिस्त्रींनी डबा उघडला नाही. कडू बोलणारा माणूस आतून कडू नसतो, हे मी तेव्हा शिकले. मालकांना ते दिसले की नाही, मला ठाऊक नाही. ते चहा सांगायला गेले होते.

दिवस पालटले. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. त्यांच्यासमोर किक मारणारी मावशी म्हणजे कोणाला थट्टा वाटायची. लोक गाडी चालवणे कुठे कुठे शिकून येऊ लागले. मागच्या मैदानावर इमारत उभी राहिली. मला मागच्या खोलीत, हवा भरायच्या यंत्राशेजारी कोपऱ्यात लावले. माझ्या आरशावर कोणीतरी टोपी अडकवायचे, सीटवर रिकामे डबे ठेवायचे. तरी दर आठवड्याला मिस्त्री डबे बाजूला करत आणि मला किक मारत. "म्हातारी जागी आहे का बघतो," असे म्हणत. तेवढ्यासाठी मी जागी राहत असे.

मग कंपनीची माणसे आली. त्यांना मोठे दुकान हवे होते, दोन मजली, पुढे गाड्या लावायला प्रशस्त जागा असलेले. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर कोणीतरी तसे बांधायला तयार होता. मालकांचे गुडघे एव्हाना बोलू लागले होते. त्यांची एकुलती मुलगी दुसऱ्या शहरात शिक्षिका होती आणि तिला गाड्यांमध्ये रस नव्हता. ती सुट्टी काढून आली. दोघे बाप-लेक मागच्या खोलीत, माझ्याजवळ उभे राहून बोलले. मिस्त्री त्या दिवशी सुटे भाग आणायला गेले होते. दुकान बंद करायचे आणि जागा एका फर्निचरवाल्याला द्यायची, असे ठरले.

"बाबा, मिस्त्रीकाकांना सांगितलंत?" मुलीने विचारले.

"सांगतो ना. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अर्ध्या दारापाशी आले. "मिस्त्री," त्यांनी हाक मारली. मिस्त्रींनी ओट्यावरून मान वर केली. "काय मालक?"

मालकांचे ओठ हलले. "चहा सांगितलाय," ते म्हणाले आणि परत गेले.

तसेच पुढचे पुष्कळ दिवस गेले. कधी चहा, कधी हवापाणी, कधी "तुझ्या नातीची परीक्षा कशी झाली?" मिस्त्रींना वाटायला लागले की मालकांना एकाएकी आपला फारच उमाळा आला आहे. मला मात्र सगळे कळत होते. मित्रांनो, या दुकानात वाईट बातमी सांगणारा माणूस एकच होता. आणि आता नेमकी त्यालाच वाईट बातमी सांगायची होती. अर्ध्या दारातून मान आत घालून हाक मारली, तरी बाहेर कोण येणार होते? मुलगी रोज फोनवर विचारायची, मालक रोज "उद्या" म्हणायचे. मला तोंड असते तर मीच सांगितले असते, इतके ते बघणे असह्य होते.

आणि मग जे व्हायचे तेच झाले. एका दुपारी फर्निचरवाल्याचा माणूस मोजमापाची टेप घेऊन थेट मागच्या दाराने आत आला. मिस्त्री ओट्यावर एका गाडीच्या मागच्या ब्रेकचे काम करत होते. त्या माणसाने भिंत मोजली, खिडकी मोजली, ओट्याभोवती फिरला आणि अगदी सरळ मनाने विचारले, "काका, हा ओटा फोडायचा की ठेवायचा? तुम्हाला काय वाटतं?"

"का फोडायचा?"

"इथे कपाटं येणार ना पुढच्या महिन्यात. दुकान घेतलंय आम्ही." मग तो जरा चाचरला. "तुम्हाला माहीत नाही?"

मिस्त्रींच्या हातातला पाना तिथेच थांबला. मला वाटले, आता ते पाना भिरकावतील. मालकांच्या नावाने ओरडतील. तसे काही झाले नाही. "माहीत आहे," ते म्हणाले. "फोडा."

त्यांनी ब्रेकचे काम पुरे केले. चाक फिरवून पाहिले, पुन्हा एकदा आवळले. गाडी खाली उतरवली. नळाखाली हात धुतले, नखांमधले काळे निघेपर्यंत धुतले. आपले स्वतःचे पाने एका फडक्यात गुंडाळले, डबा घेतला. जाताना त्यांनी माझ्या सीटवर हात ठेवला. हात ओला होता. अर्ध्या दारातून ते पुढे गेले तेव्हा मालक कोणाशी तरी फोनवर हसून बोलत होते.

"जातो, मालक."

एवढ्या वर्षांत मिस्त्री रोज संध्याकाळी "येतो" म्हणून निघत. मालकांनी फोन कानाशी धरूनच हात हलवला. थोड्या वेळाने टेपवाला माणूस पुढे आला आणि त्याने ओट्याची गोष्ट सांगितली, तेव्हा मालक खुर्चीत बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मालकांनी मुलीला बोलावून घेतले. "तू जाऊन येतेस का त्यांच्याकडे? तुझं ऐकतील."

"नाही बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही सांगाल ते सगळं करते. हे एक काम तुमचं आहे."

मिस्त्री नाहीत म्हटल्यावर मालकांची काय त्रेधा उडाली म्हणून सांगू! गिऱ्हाइके येत, सर्व्हिसिंगचे विचारत, आणि मालक म्हणत, "पुढच्या महिन्यात या ना, निवांत करू." पुढच्या महिन्यात इथे कपाटे असणार होती. शेवटी त्यांनी दारावर एक पाटी लावली. मुलीने ती वाचली आणि कपाळाला हात लावला. पाटीवर लिहिले होते, 'नूतनीकरणासाठी काही दिवस बंद'. तिने पाटी काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिले, 'दुकान कायमचे बंद होत आहे. आपल्या गाड्या घेऊन जाव्यात'. मालकांनी ते वाचले आणि आत येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. मला त्यांचा राग आला होता. पण तेव्हा त्यांचे हात मांडीवर असे पडले होते, की राग धरवला नाही.

एकेक गाडी गेली. नव्या गाड्या ट्रकमधून गेल्या, जुन्या आपापल्या मालकांबरोबर. मिस्त्रींच्या हाताखालची पोरे बाहेरच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात लागली. बाक गेला, काउंटर गेला. ज्या भिंतीवर पाने टांगलेले असत तिथे नुसते खिळे उरले. आणि मी उरले. फर्निचरवाल्याची माणसे म्हणाली, "हे भंगार तेवढं उचला."

मालक ताठ झाले. "भंगार नाही ती," ते म्हणाले. मग त्यांनी मला बाहेर काढले. कित्येक वर्षांत ते माझ्यावर बसले नव्हते. किक मारताना त्यांचा गुडघा कळवळला, पण मी त्यांना फार छळले नाही. रस्त्यावर आल्यावर कळले, आम्ही मिस्त्रींच्या घराकडे चाललो आहोत.

मित्रांनो, खरे सांगते, त्या वाटेवर मला ठीक वाटत नव्हते. टाकीच्या खाली, मानेपाशी, एक ठणका बरेच दिवस होता. वळणावर तो ठणका चरचरत गेला. पण मालक वाटभर एकच वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा घोकत होते, आणि त्यांच्यापुढे माझे दुखणे काय घेऊन बसायचे?

मिस्त्री याच पायरीवर बसले होते. समोर कागदावर नट-बोल्ट पसरून ते आकाराप्रमाणे निवडत होते. मी बोळात शिरल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती. त्यांची बायको दारात आली तेव्हा ते तिला म्हणाले, "मावशी आलीय. आणि क्लच अर्धा दाबून चालवतोय, म्हणजे मालक आहेत."

मालकांनी मला पिंपाशेजारी उभे केले. "मिस्त्री," ते म्हणाले.

"बोला."

मालक माझी किल्ली या हातातून त्या हातात करत राहिले. मिस्त्रींच्या बायकोला त्यांची दया आली असावी. "चहा ठेवते," ती म्हणाली.

"नको, वहिनी," मालक घाईने म्हणाले. "आधी मला बोलू द्या. चहा आला की माझं बोलायचं राहून जातं." त्यांनी एक श्वास घेतला. "दुकान बंद केलं, मिस्त्री. मला फार आधीपासून ठाऊक होतं. रोज ठरवत होतो तुला सांगायचं. नाही सांगितलं. तुला वाईट वाटेल म्हणून नाही. मला सांगता येत नाही म्हणून. भ्यालो मी."

मिस्त्रींनी हातातला बोल्ट कागदावर ठेवला. "मला विचारलं हो त्यांनी, ओटा फोडायचा की ठेवायचा. त्या ओट्यावर मी माझं आयुष्य काढलं आणि मी म्हटलं, फोडा. माहीत नाही म्हणायची लाज वाटली." त्यांनी कागद बाजूला सारला. "परक्या माणसाला तुम्ही बाकावर तरी बसवायचात, मालक. मला तेवढंही नाही?"

"चुकलो."

"आता गोड काही बोलू नका."

"नाही बोलत. चुकलो, एवढंच सांगायला आलोय."

मिस्त्री पुन्हा नट-बोल्ट निवडू लागले. मग मालक म्हणाले, "हिला तुझ्यासाठी आणलंय. तुझीच आहे ती. आता तुझ्या दारात राहू दे."

तेव्हा कुठे मिस्त्री उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मी चांगली ओळखते. त्यांनी मला स्टँडवर घेतले, हँडल दोन्हीकडे वळवले, टाकीखाली हात घातला. बोट त्या ठणक्यापाशी आले आणि थांबले. मग टाकी सोडवून बाजूला ठेवली, फडक्याने मान पुसली आणि ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हिच्यावर बसून आलात?"

"हो. का?"

"परत बसू नका." मिस्त्रींनी टाकी पुन्हा जागेवर बसवली, ते सरळ उभे राहिले आणि मालकांसमोर आले. जसे गिऱ्हाइकांसमोर येत, तसेच. "चेसिस तडकलीय. मानेपाशी, आरपार. वेल्डिंग टिकणार नाही. रस्त्यातच तुटली असती तर तुम्ही उरला नसतात. मावशीचं संपलं, मालक."

मालकांनी भिंतीला हात लावला. आयुष्यात प्रथमच ते बाकावर बसलेल्या माणसाच्या जागी होते. "मी तुला द्यायला आणली रे," एवढेच ते म्हणाले. आत जाऊन मिस्त्रींनीच पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"राहू दे इथेच," मिस्त्री म्हणाले. "भंगारवाल्याच्या हातोड्याखाली नाही जाऊ देणार. मी खोलीन तिला. तिचे भाग चांगले आहेत. गावात आपल्याच जुन्या गाड्या फिरतायत, त्यांना लागतील."

निघताना मालकांनी विचारले, "शेवटचं शटर ओढायला येशील?"

मिस्त्रींनी मान हलवली. "नाही. ते मला जमायचं नाही."

मालक पायी परत गेले. शटर त्यांनी एकट्याने ओढले. मुलगी शेजारी उभी होती, पण तिला हात लावू दिला नाही, असे तिनेच इथे येऊन मिस्त्रींच्या बायकोला सांगितले. सांगताना ती रडली. मी ते दुकान पुन्हा पाहिले नाही. ओटा फोडला म्हणे. फोडायला फार वेळ लागला.

त्यानंतर मालक रोज संध्याकाळी इथे येऊन पायरीवर बसू लागले. पूर्वीसारखे बोलणे अजून नव्हते. मिस्त्री नट-बोल्ट निवडत, मालक बघत. मिस्त्रींनी पोत्यावर पाने ओळीने मांडून ठेवले होते, पण रोज काहीतरी निघे. आज ऊन आहे, आज हात दुखतो, उद्या बघू. जो माणूस कोणतीही कडू गोष्ट एका दमात उरकून टाकत असे, तो माझ्यापाशी येऊन नुसता टाकी पुसून परत जायचा.

काल संध्याकाळी मालकांनी विचारले, "मिस्त्री, तिला सांगितलंस?"

"कुणाला?"

"मावशीला."

"गाडीला काय सांगायचं, मालक?"

"सांगायला हवं. न सांगितल्याने काय होतं ते मला विचार." मालक पायरीवरून उठले. गुडघ्यांवर हात दाबत दाबत, एक पाय आधी, एक पाय मागून, ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. मिस्त्री मध्ये पडायला निघाले होते, पण थांबले. मालकांनी माझ्या टाकीवर दोन्ही तळवे ठेवले.

"मावशी," ते म्हणाले, "तुझी मान तडकलीय. आता तू चालणार नाहीस. उद्या सकाळी मिस्त्री तुला खोलणार आहे. तुझे तुकडे होतील. दुरुस्ती नाही त्याला." ते थांबले नाहीत आणि त्यात साखरही घातली नाही. "मी येईन सकाळी. शेवटपर्यंत इथेच असेन."

मिस्त्रींनी तोंड फिरवले. त्यांची बायको केव्हाची चहा घेऊन दारात उभी होती. चहा निवून गेला तरी तिने तो पुढे केला नाही.

मित्रांनो, मी काय उपदेश करणार? गाडीचे तेल वेळेवर बदला, उन्हात उभी करू नका, हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच म्हणते की तुमच्याही घरात, वर्गात, कामावर कोणीतरी असेल ज्याला एक वाईट बातमी सांगायची राहिली आहे. तिसऱ्या माणसाला पाठवू नका. पाटीवर लिहू नका. उद्यावर टाकू नका, कारण उद्या टेप घेऊन कोणीतरी परका आत येतो आणि ते घाव भरून निघत नाहीत. स्वतः जा आणि समोर बसून सांगा. ज्याला सांगाल तो रडेल, चिडेल, कदाचित तुमच्याशी बोलणार नाही. पण आपण कोणीतरी होतो, एवढे त्याला कळेल. मला कळले.

घरात कडी वाजली. मिस्त्री बाहेर आले आहेत. त्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला आहे, कामाला कधी घालत नाहीत तसा. बोळाच्या तोंडाशी मालकही दिसत आहेत, पाय ओढत येताहेत, पण येताहेत. मिस्त्रींनी पोत्यावरून एक पाना उचलला. मालकांनी चपला काढल्या, माझ्यापुढे येऊन उभे राहिले, आणि मी हलू नये म्हणून माझे हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरले.